सूर्य कोणासाठी झाकोळत नाही

वर्सोव्याच्या जेट्टीवर मढला जाणारी तर लागते. तिच्या अलीकडच्या कठड्यावर आम्ही पाच मित्र चाळीसहून अधिक वर्षे बसत आलो आहोत. आम्ही शाळेत होतो तेव्हा यारी रोडवर आजच्यासारख्या इमारती नव्हत्या. कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील सुकत असत आणि त्यांचा वास वर्गापर्यंत येई. आमच्यातला एक विजयदुर्गच्या खाडीकाठचा कोकणी मुसलमान. त्याचे वडील बोटीने मुंबईला आले होते. तो पुढे शिक्षक झाला म्हणून त्याला आम्ही मास्तर म्हणतो. दुसरा करमाळा तालुक्यातला, दख्खनी घराण्यातला, रेल्वेत नोकरी केलेला, तो सोलापूरकर. तिसरा वर्सोवा कोळीवाड्यातलाच, त्याला सगळे नाखवा म्हणतात. चौथा डॉक्टर. पाचव्याला लिहिण्याचा नाद, आणि त्या नादापायीच हा लेख लिहायची वेळ आली आहे. कारण पूर्वी आम्ही एक चूक छापली होती. ती दुरुस्त करायची आहे.

ही गोष्ट ग्रहणांची आहे. तिची सुरुवात १६ फेब्रुवारी १९८० च्या दुपारी झाली. त्या दिवशी कारवार, हुबळी, रायचूर या पट्ट्यात खग्रास सूर्यग्रहण होते. मुंबईत ते खंडग्रास दिसणार होते, तरी सगळे शहर दारे-खिडक्या लावून बसले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. कोळीवाड्यात नाखव्याच्या आईने पाण्यात तुळशीची पाने टाकली. आमच्या घरी दादीने पोटुशी असलेल्या फुफीला सुरी-कात्रीला हात लावू दिला नाही. मास्तरच्या घरी पडदे ओढून सगळे तसबीह घेऊन बसले. धर्म वेगळे, पण भीती एकच होती. संध्याकाळी आम्ही कठड्यावर जमलो तेव्हा प्रत्येकाने घरात ऐकलेले सांगितले. आणि लक्षात आले की पाचांपैकी एकानेही सूर्याकडे पाहिलेले नाही. त्याच दिवशी उस्मानिया विद्यापीठाच्या जपाल-रंगापूर वेधशाळेत शास्त्रज्ञ दुर्बिणी लावून बसले होते, हे आम्हाला कितीतरी वर्षांनी कळले. पण एक शपथ त्या कठड्यावर घेतली गेली. पुढचे खग्रास ग्रहण जिथे असेल तिथे पाचही जण मिळून जायचे.

ती संधी १९९५ साली आली. २४ ऑक्टोबर १९९५ चे खग्रास ग्रहण राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या अरुंद पट्ट्यात दिसणार होते. २३ तारखेला लक्ष्मीपूजन, दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रहण. नाखव्याच्या घरी दिवाळीत बाहेर जाण्यावरून बराच वाद झाला, पण तो आला. आम्ही राजस्थानातल्या नीम का थाना या गावी गेलो. अरवलीच्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेले हे गाव. तिथे देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी तळ ठोकले होते. आम्ही त्यांच्यापासून दूर, पहाटेच्या थंडीत एका टेकडीवर चढलो. सोबत एक चटई, दोन थर्मास, काळ्या फिल्मचे चष्मे आणि पाच जणांची थट्टामस्करी.

सूर्याला पहिली कड लागली तशी मास्तर म्हणाला, "आधी नमाज." सलातुल कुसूफ म्हणजे ग्रहणाची नमाज आमच्यातल्या कोणीही कधी पढलेली नव्हती. अजान नाही, इकामत नाही, नुसते बोलावणे. मास्तर शाफई, त्याच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक रकातीत दोन कियाम आणि दोन रुकू. सोलापूरकर हनफी, त्याच्या पद्धतीत रुकू एकच. मास्तर पहिल्या रुकूतून उठून पुन्हा कुराणपठणाला उभा राहिला आणि सोलापूरकर थेट सजद्यात गेला. वर पाहतो तर बाकीचे उभे! नाखवा बाजूला घड्याळ धरून बसला होता, त्याला हसू आवरेना. नमाजेनंतर सोलापूरकर म्हणाला, "अरे, सूर्याचं गणित जमतं सगळ्यांना. आपल्यालाच एक रुकू जमंना."

मग मास्तरने छोटासा खुतबा दिला. त्यात त्याने मदिनेतली ती प्रसिद्ध हकीकत सांगितली. पैगंबर मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला. मारिया किब्तिया यांचा हा मुलगा जेमतेम दीड वर्षाचा होता. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक आपसात बोलू लागले की पैगंबरांच्या मुलाच्या मृत्यूमुळे सूर्यसुद्धा काळवंडला. पैगंबरांनी नमाज पढवली आणि लोकांना स्पष्ट सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. ग्रहण दिसले की नमाज पढा, दुआ करा, सदका द्या.

साडेआठच्या सुमारास उजेडाचा रंग बदलला. ऊन होते, पण त्यात ऊब नव्हती. पश्चिमेकडच्या डोंगरांवरून सावली आली. एकेक डोंगर विझत गेला आणि मग आमची टेकडी. सूर्याच्या जागी काळी तबकडी आणि भोवती पांढरे, मोत्याच्या रंगाचे तेज. बाजूला शुक्र भर सकाळी चमकत होता. खालच्या गावातून एकदम आरडाओरडा ऐकू आला, पाखरे झाडांकडे वळली. सगळे मिळून एक मिनिटही नव्हते. तेवढ्यात डावीउजवीकडे पाहिले तर नाखव्याने हात जोडले होते, मास्तरचे ओठ हलत होते आणि डॉक्टर रडत होता. मग काठावर हिऱ्यासारखा एक कण पेटला आणि सकाळ परत आली. बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

दरवर्षी ईदच्या चंद्रावरून आपल्याकडे वाद होतात. कोणाला दिसला, कोणाला नाही. पण अमावास्येचा चंद्र कोणालाच दिसत नाही. तो दिसायचा एकच प्रसंग, सूर्यग्रहण. म्हणून सूर्यग्रहण नेहमी हिजरी महिन्याच्या अखेरीस, अठ्ठावीस-एकोणतीस तारखेला येते. अरवलीत आम्ही पाहिली ती काळी तबकडी म्हणजे येणाऱ्या महिन्याचा न जन्मलेला चंद्र होता.

परतीच्या गाडीत गप्पा रंगल्या. मास्तरने अभिमानाने सांगितले, "आमच्या विजयदुर्गावर १८६८ साली नॉर्मन लॉकियर नावाच्या साहेबाने खग्रास ग्रहण पाहिलं आणि हेलियम वायूचा शोध लावला. किल्ल्यावर अजून साहेबाचे कट्टे आहेत. हेलियमचं माहेर म्हणजे आमचं गाव!" आम्ही थक्क झालो. मुंबईला आल्यावर शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेत आम्ही लेख लिहिला आणि त्यात ही हकीकत घोळून घोळून रंगवली. लेख वाचकांना आवडला. कोकणातल्या काही वाचकांनी पत्रे पाठवून शाबासकी दिली. आम्ही एकाही कागदाची शहानिशा केली नव्हती.

शंका पहिल्यांदा काढली ती नाखव्याने, आणि तीही पुस्तकातली नव्हे, दर्यातली. एकदा कठड्यावर बसलो असताना तो म्हणाला, "ग्रहण कुठल्या महिन्यात?" ऑगस्टमध्ये, १८ तारखेला. तो म्हणाला, "नारळी पौर्णिमेच्या आगेमागे होड्या वर असतात, आकाश गळत असतं. तुझा साहेब कोकणच्या किनाऱ्यावर ऑगस्टात सूर्य बघायला बसेल?" त्या साध्या प्रश्नाने आम्हाला ग्रंथालयात नेऊन बसवले. तिथे जे हाती लागले ते क्रमाने सांगतो.

१८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण फार मोठे होते. काही ठिकाणी खग्रास अवस्था साडेसहा मिनिटांहून अधिक टिकली. एडनवरून निघालेली सावली विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण या रेषेने देश ओलांडून सयामकडे गेली. विजयदुर्ग त्या पट्ट्यात येत होते, हे खरे. पण शास्त्रज्ञांनी तळ टाकले ते सह्याद्रीच्या पलीकडे, जिथे पाऊस कमी. जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होता. प्रसिद्ध ज्योतिषी सर जॉन हर्शेल यांचा हा मुलगा, भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात नोकरीला. आदिलशहाच्या विजापुरात कॅप्टन हेग होता. गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन. मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा पॉगसन. त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी निजामाच्या मुलखात वनपर्तीला गेले होते.

या सगळ्यांजवळ एक नवे हत्यार होते, वर्णपटदर्शक. प्रकाश त्यातून गेला की इंद्रधनुष्यासारखा फाकतो आणि कोणता वायू जळतो आहे ते त्यातल्या रेषांवरून कळते. सूर्याच्या काठावर ज्या लालसर ज्वाळा दिसतात त्यांच्यात ठळक रेषा सापडल्या, म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हे ठरले. त्यांत एक पिवळी रेषा होती. बहुतेकांना ती सोडियमची वाटली. पॉगसनने मात्र ती सोडियमच्या जागेशी नीट जुळत नसल्याची नोंद केली. झान्सेनला त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की ग्रहणाशिवायही त्या दिसतील असे त्याच्या मनात आले. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्याने गुंटूरला लख्ख उन्हात त्या पाहिल्या.

आणि लॉकियर? तो त्या वेळी इंग्लंडात होता. युद्धखात्यातला कारकून, हौशी ज्योतिषी. त्याने मागवलेला वर्णपटदर्शक ग्रहण होऊन गेल्यावर, ऑक्टोबरमध्ये त्याच्या हाती आला. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने लंडनमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या काठावरच्या त्या रेषा पाहिल्या. झान्सेनचे आणि त्याचे पत्र पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी आले. फ्रान्सने पुढे १८७२ मध्ये दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले. ती पिवळी रेषा सोडियमची नाही, पृथ्वीवर ठाऊक असलेल्या कोणत्याच द्रव्याची नाही, हे लॉकियरने फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञासोबत प्रयोग करून ठरवले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्याला हेलियम नाव पडले. अनेकांनी त्याची टर उडवली. १८९५ साली रॅमसेने एका खनिजातून तो वायू काढून दाखवला तेव्हा कुठे वाद संपला. म्हणजे हेलियमचा शोध एका दिवसाचा नाही, एका माणसाचा नाही आणि एका गावाचाही नाही. तो गुंटूर, मच्छलीपट्टण आणि लंडन यांच्यात विभागलेला, सत्तावीस वर्षे चाललेला शोध आहे. विजयदुर्ग त्यात नाही.

आम्ही हे वाचले तेव्हा दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे लाज वाटली. दुसरी म्हणजे प्रश्न पडला की मग ते कट्टे कोणाचे? कारण कट्टे तर आहेत. दंतकथेच्या बुडाशी काहीतरी असतेच.

लॉकियर भारतात आला होता, पण नंतर. पहिल्यांदा १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी. तेव्हा त्याने तळ टाकला मलबार किनाऱ्यावरच्या बेकल किल्ल्यात. हा किल्लाही समुद्रात घुसलेला. झान्सेन त्याच ग्रहणाला निलगिरीच्या डोंगरात गेला होता. दुसऱ्यांदा लॉकियर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तेव्हा तो सर नॉर्मन झाला होता, साठी ओलांडलेला. आणि या खेपेला तो खरोखरच विजयदुर्गावर उतरला.

१८९८ चे हे ग्रहण म्हणजे आपल्या महाराष्ट्राचे ग्रहण म्हटले पाहिजे. सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागली, सह्याद्री चढली आणि तिरकी सोलापूर, वऱ्हाड, वर्धा, नागपूर असा सबंध मुलूख ओलांडून पुढे गेली. महिना जानेवारीचा, आकाश स्वच्छ. विजयदुर्गावर लॉकियरच्या मदतीला आरमाराचे मेल्पोमिनी हे जहाज होते. त्याचे अधिकारी आणि खलाशी यांना हाताशी धरून त्याने निरीक्षणाची तालीम करून घेतली. यंत्रे हलू नयेत म्हणून पक्क्या बैठका लागतात. साहेबाचे कट्टे १८६८ चे नसून १८९८ चे असावेत, हा आमचा निष्कर्ष त्यावरून निघतो. ते बांधायला दगड वाहणारे हात गावचेच असणार.

इथे आमचा सोलापूरकर एकदम उठून बसला, कारण यादीत पुढचे नाव जेऊरचे होते. करमाळा तालुक्यातले जेऊर, त्याच्या घराजवळचे स्टेशन! ज्या स्टेशनावर त्याने शेकडो वेळा चहा प्यायला, तिथे १८९८ साली अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल आपला चाळीस फुटी कॅमेरा घेऊन आला होता. जपानहून आलेली तुकडीही तिथेच होती. आणि आम्हाला सगळ्यात मोलाचे वाटले ते पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. हे पारशी गृहस्थ पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकवत. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभारली होती. तिथली वीस इंची दुर्बीण तेव्हा भारतातली सर्वांत मोठी होती. त्यांनी जेऊरला स्वतःची मोहीम नेली, ग्रहणाचे वर्णपट टिपले आणि १९०२ मध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्या निवृत्तीनंतर वेधशाळा मोडली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात आज किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

तिकडे वऱ्हाडच्या वाटेवर तळणी नावाच्या छोट्या स्टेशनापाशी इंग्लंडचे हौशी ज्योतिषी उतरले होते. त्यांच्यात ॲनी माउंडर ही बाई होती. तिने साध्या, लहान कॅमेऱ्याने सूर्याच्या तेजोवलयाचा इतका लांब झोत टिपला की तेवढा तोवर कोणी टिपला नव्हता. पुलगावला केंब्रिजचा न्यूऑल होता.

तो काळही ध्यानात घ्यावा. मुंबई-पुण्याकडे प्लेगने थैमान घातले होते. रँडचा खून होऊन सात महिने झाले होते. आणि ती अमावास्या शाबानच्या अखेरीची होती. ज्या चंद्राने २२ जानेवारीला भर दुपारी सूर्य झाकला, त्याचीच कोर पाहून रमजान सुरू झाला. कोकणातल्या, सोलापुरातल्या, बाळापूर-अचलपूरच्या आपल्या बुजुर्गांनी ते पाहिले असेल. त्या दुपारी त्यांनी काय केले, कोणाच्या मशिदीत कुसूफची नमाज झाली, हे कोणीही लिहून ठेवलेले नाही. साहेबांच्या टिपणांत सेकंदासेकंदाचा हिशेब आहे. आपल्या घरांत मात्र एक ओळही नाही. आमची खरी हानी तिथे झाली आहे, हेलियमचे श्रेय जाण्यात नव्हे.

हे सारे मास्तरला सांगायचे कसे? तोवर तो निवृत्त होऊन गावी गेला होता आणि किल्ल्यावर येणाऱ्या शाळकरी मुलांना आवडीने माहिती सांगत असे. २२ जुलै २००९ चे ग्रहण आले. सुरतेवरून जाणारी ती खग्रास सावली मुंबईच्या उत्तरेकडून गेली. आम्ही चौघे पहाटे वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उभे राहिलो. ढग इतके की सूर्य दिसलाच नाही. उजाडता उजाडता पुन्हा अंधारले, एवढेच. ऑगस्टात साहेब विजयदुर्गावर बसला असता तर त्याला काय दिसले असते, याचा नमुना आम्हाला घरबसल्या मिळाला. पुढच्या ग्रहणाला मास्तरकडेच जायचे, असे ठरले.

ते होते १५ जानेवारी २०१० चे. कन्याकुमारीकडे कंकणाकृती, कोकणात खंडग्रास. शुक्रवार होता. आम्ही विजयदुर्गावर गेलो. तिन्ही बाजूंनी समुद्र, तिहेरी तट, शिलाहारांपासून आदिलशाही, शिवशाही आणि आंग्र्यांपर्यंतचा इतिहास पचवलेला किल्ला. मास्तर पुढे आणि आम्ही मागे. कट्ट्यांपाशी आलो तेव्हा त्याने हात फिरवून नेहमीचे सुरू केले, "इथंच १८६८ साली..." आणि आम्ही त्याला थांबवले.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग तो जे बोलला ते आम्हाला अजून टोचते. "तुमचं वर्सोवा मुंबईत आहे. तुम्हाला रोज नवं काहीतरी मिळतं. आमच्या गावाला जगाच्या पुस्तकात एक ओळ होती. तीही तुम्ही खोडायला आलात? आणि लेख तर तुम्हीच लिहिला होता."

आम्ही काय बोलणार! लेख आम्हीच लिहिला होता.

डॉक्टर कट्ट्यावर बसून होता. एवढ्यात त्याचे लक्ष खाली गेले. जवळच्या झाडाच्या पानांतून ऊन गळत होते आणि कट्ट्यावर पडलेला प्रत्येक कवडसा चंद्रकोरीच्या आकाराचा झाला होता. शेकडो कोरी, एकमेकींवर हलणाऱ्या. लहान भोकातून पडणाऱ्या उजेडात ग्रहणग्रस्त सूर्याची कोर कशी उमटते यावर हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसमने स्वतंत्र प्रबंध लिहिला होता. मास्तर तिथे वाकला आणि कोरींवर तळहात धरून पाहत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "नीम का थान्यात खुतबा मीच दिला होता ना?"

हो, त्यानेच दिला होता. त्या खुतब्याचा खरा अर्थ मात्र आम्हा सगळ्यांना त्या कट्ट्यावर कळला. मदिनेत त्या दिवशी लोक जे बोलत होते ते निंदेचे नव्हते. ते प्रेमाचे होते, गौरवाचे होते. पुत्रशोकात बुडालेल्या बापाला त्याचा मुलगा इतका थोर होता की सूर्य काळवंडला, असे कोणी सांगत असेल तर ते नाकारायला केवढे बळ लागत असेल! गप्प राहिले असते तरी चालले असते. कथा आपोआप पसरली असती. पण आपल्या मोठेपणासाठी का होईना, खोटी गोष्ट चालू द्यायची नाही, हा त्या दिवसाचा धडा आहे.

त्या ग्रहणाने इतिहासाचेही एक काम केले आहे. इब्राहीमच्या वफातीच्या तारखा रिवायतींत वेगवेगळ्या येतात. काहींत ती रबीउल अव्वलची दहा तारीख दिली आहे. पण महिन्याच्या दहाव्या दिवशी सूर्यग्रहण होऊच शकत नाही. इजिप्तचे ज्योतिषी महमूद पाशा अल-फलकी यांनी १८५८ साली गणित मांडून दाखवले की मदिनेत दिसलेले ते ग्रहण २७ जानेवारी ६३२ चे, म्हणजे हिजरी १० च्या शव्वाल अखेरचे. श्रद्धावंत माणसानेच रिवायतीची तारीख गणिताने तपासली आणि त्याने श्रद्धेला काही बाधा आली नाही.

अल-बिरूनीचे उदाहरण तर डोंगरातलेच आहे. ८ एप्रिल १०१९ रोजी तो काबूलजवळच्या लमघान खोऱ्यात होता. चहूबाजूंनी डोंगर. सूर्य वर आला तेव्हा त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग झाकलेला होता आणि ग्रहण सुटत चालले होते. त्याने दिसले तेवढेच लिहिले. तरुणपणी ग्रहणे पाहून आपली दृष्टी अधू झाली, म्हणून सूर्याकडे थेट न पाहता पाण्यातले प्रतिबिंब पाहावे, असेही तो सांगून गेला. हाच बिरूनी भारतात आल्यावर ब्रह्मगुप्तावर नाराज झाला. ग्रहणाचे खरे कारण ठाऊक असून त्याने लोकांच्या राहूच्या कथेला मान तुकवली, ही बिरूनीची तक्रार. मात्र पुढे तो अशीही शक्यता मांडतो की बिचाऱ्याला लोकभयाने तसे करावे लागले असेल. टीका करताना दुसऱ्याची अडचण समजून घेणे, हेही बिरूनीकडून शिकण्यासारखे आहे. मास्तरशी बोलताना आम्ही ते विसरलो होतो.

आणि ब्रह्मगुप्ताला नावे ठेवण्याआधी आपण आपल्या घरात पाहावे. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि तो मुसलमान झाला, ही गोष्ट आम्ही लहानपणी किती मजलिसींत ऐकली! आर्मस्ट्राँगने स्वतः तिचा इन्कार केला. १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला आपल्या वकिलातींना तसे कळवावे लागले. तरी ती गोष्ट फिरतेच आहे, आता मोबाइलवरून. ज्या पैगंबरांनी आपल्या मुलासाठी सूर्य काळवंडल्याचे मान्य केले नाही, त्यांच्या उम्मतीला चंद्रावरच्या खोट्या अजानीची गरज का पडावी? ज्यांच्याकडे बिरूनी आणि इब्न अल-हैसम आहेत त्यांनी उसनी शोभा का घ्यावी? आणि ज्या विजयदुर्गावर लॉकियर खरोखर आला, त्याने १८६८ चा खोटा दागिना का मिरवावा?

त्या शुक्रवारी जुम्याची वेळ होत आली म्हणून आम्ही किल्ला उतरलो. वाटेत मास्तर गप्प होता. रात्री जेवताना म्हणाला, "मुलांना आता १८९८ सांगेन. पण एक अट. तुम्हीही लिहायचं. आधीचं खोटं होतं असं स्वतःच्या सहीनं लिहायचं." आम्ही हो म्हटले आणि पुढे बरीच वर्षे चालढकल केली. आज तो शब्द पुरा होतो आहे. आमच्या स्मरणिकेतला तो लेख चुकीचा होता. लॉकियरने विजयदुर्गावर हेलियम शोधला नाही. तो तिथे तीस वर्षांनंतर आला आणि त्याने तिथून एक सुंदर ग्रहण पाहिले. विजयदुर्गाला जगाच्या पुस्तकात एक ओळ आहेच, आणि ती खरी आहे.

विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियमचा दिवस साजरा होतो. मुले येतात, विज्ञानाच्या गोष्टी ऐकतात. तो बंद व्हावा असे आम्ही म्हणणार नाही. त्या दिवशी गुंटूरचे, जमखंडीचे आणि लंडनचे नाव सांगावे. आणि २२ जानेवारीलाही कट्ट्यांपाशी मुलांना न्यावे, नायगमवाल्यांचे आणि जेऊरचे नाव घ्यावे. मास्तर तसे करतो. तो सांगतो की आता मुले जास्त प्रश्न विचारतात. पूर्वी नुसत्या टाळ्या वाजवत.

२ ऑगस्ट २०२७ रोजी खग्रास ग्रहणाची सावली मक्का शरीफवरून जाणार आहे. तिथे पाच मिनिटांहून थोडा अधिक अंधार असेल. हरममध्ये कुसूफच्या नमाजेला लाखो लोक उभे राहतील. आणि त्याच दिवशी जगभर काही लोक सांगत सुटतील की हे अमक्या घटनेचे चिन्ह आहे, तमक्याचा कोप आहे. तेव्हा मदिनेतले उत्तर आठवावे. डॉक्टर आणि सोलापूरकर उमऱ्याचा बेत करीत आहेत. गुडघे साथ देतील तर आम्हीही जाऊ, इन्शाल्ला. नाखवा म्हणतो, "मला तिथं येता येणार नाही. मी जेट्टीवरून बघेन, मुंबईत दिसेल तेवढं. घड्याळ मात्र माझ्याकडेच."

सोलापूरकराने आतापासून दोन रुकूंचा सराव सुरू केला आहे.